रुबार्बचे तात्पुरते बिऱ्हाड

बदलीच्या गावी निघताना तुळशीची कुंडी बरोबर घ्यावयाची आणि अंगणातला शेवगा मागे ठेवावयाचा, हा आपल्याकडील नोकरदार कुटुंबांचा नेहमीचा अनुभव. काही झाडे आपल्याबरोबर येतात, काही येत नाहीत, इतके ढोबळ ज्ञान आपणां सर्वांस असते. परंतु ह्या दोहोंच्या मधली अशी एक वनस्पती आहे, की जी जागची हलविता येते, वर्षभर परक्या जागी नांदतेही. मात्र हे सारे तिच्या वेळापत्रकाप्रमाणे व्हावे लागते. इंग्लंडमधील घराघरांच्या परसात दिसणारी रुबार्ब ही ती वनस्पती. परसाची मांडणी बदलावयाची झाली, भिंत पाडावयाची किंवा सांडपाण्याची नळी नव्याने घालावयाची झाली, म्हणजे वाटेत येणाऱ्या ह्या जुन्या जाणत्या झाडाला काही काळ कुंडीत कसे ठेवावे आणि पुन्हा जमिनीत कसे न्यावे, ह्याचा विचार आज करावयाचा आहे.

रुबार्ब हे नाव पुष्कळांना अनोळखी वाटेल. पण तिच्या नात्यातली एक वस्तू आपल्या काष्ठौषधींच्या दुकानांत पिढ्यान् पिढ्या विकली जात आहे. रेवाचिनी किंवा रेवंदचिनी म्हणून जी पिवळसर, कडवट मुळी सारक म्हणून देतात, ती ह्याच प्रजातीतील. नाव मूळचे फारसी. 'चीनकडील रेवंद' असा त्याचा अर्थ. चीनच्या डोंगराळ मुलखातून ही मुळी मध्य आशियामार्गे पश्चिमेकडे जाई, आणि अठराव्या शतकात रशियाच्या सरकारने तिच्या व्यापाराचा मक्ता आपल्याकडे घेऊन क्याख्ता ह्या सीमेवरील ठाण्यावर तिची कसून तपासणी चालविली होती. हिमालयाच्या उंच उतारांवर तिची एक जात रानटी उगवते. कुमाऊंत तिला डोलू म्हणतात. आपल्या आंबट चुक्याचे कुळही हेच. चुका आणि रुबार्ब ह्यांच्या चवीत जे साम्य जाणवते, ते केवळ योगायोगाचे नव्हे.

युरोपातील लोक कित्येक शतके मुळीपुरतेच हे झाड ओळखत होते. त्याचे जाड, तांबूस देठ शिजवून साखर घालून खाण्याची रीत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या पूर्वार्धापर्यंत हळूहळू रुळली. साखर स्वस्त झाली नसती, तर ती रुळलीही नसती. लंडनजवळील डेप्टफर्ड येथील जोसेफ मायट नावाच्या बागाइतदाराने हे देठ बाजारात लोकप्रिय केले. व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली, त्या सुमारास तिचे नाव दिलेली जात पुढे आली, आणि ती आजही लावली जाते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही भाजी. ताटात मात्र ती गोड पदार्थ म्हणून येते. अमेरिकेत तर १९४७ साली जकातीच्या एका वादात न्यायालयाने रुबार्ब हे फळ धरावे असा निवाडा दिला. कचेरीतील वर्गीकरणाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्यांना ह्याचे फारसे नवल वाटणार नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. आपण अळूचे पान खातो, देठही खातो, आणि खाज मारण्यासाठी चिंच किंवा आमसूल घालतो. त्या सवयीने कोणी रुबार्बच्या पानाकडे पाहू नये. तिचा केवळ देठ खाण्याजोगा आहे. पान विषारी आहे. पहिल्या महायुद्धात अन्नाची टंचाई पडली, तेव्हा इंग्लंडमध्ये ही पाने भाजी म्हणून खाण्याची शिफारस झाली, आणि त्यातून विषबाधा होऊन माणसे दगावली. पानात ऑक्झॅलिक आम्ल मोठ्या प्रमाणात असते, आणि ते शिजवल्याने नाहीसे होत नाही. परसाच्या कोपऱ्यातले झाड कुंडीत घालून स्वयंपाकघराच्या दाराशी आणले, की लहान मुलांच्या हाताशी ही मोठमोठी हिरवीगार पाने येतात, हे ध्यानात ठेवावे. तोडलेली पाने खताच्या ढिगात टाकण्यास मात्र हरकत नाही. कुजल्यावर त्यांचा काही उपद्रव राहत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. रुबार्बचा सारा जीव जमिनीखालच्या गड्ड्यात असतो. वसंतात वर येणारी पाने उन्हाळाभर जे अन्न तयार करतात, ते ह्या जाडजूड, मांसल मुळांत साठते. शरद ऋतू सरताना पाने वाळून पडतात आणि गड्डा झोपी जातो. त्याच्या माथ्यावर तांबूस रंगाचे टपोरे कोंब दिसतात. उसाच्या पेऱ्यावर असतो तसा हा डोळाच समजावा. ही झोप थंडीवाचून पुरी होत नाही. अनेक आठवडे पारा गोठणबिंदूच्या आसपास घोटाळल्याखेरीज डोळे नीट फुटत नाहीत. म्हणूनच पुण्याच्या किंवा नागपूरच्या गच्चीवर ही कुंडी वर्षानुवर्षे टिकेल अशी आशा धरू नये. सिमल्याकडे किंवा नैनितालकडे वास्तव्य असलेल्यांनी प्रयोग करून पाहावा.

गड्ड्यातील साठा किती मोठा असतो, ह्याची साक्ष यॉर्कशायरमध्ये मिळते. वेकफील्ड, मॉर्ली आणि रॉथवेल ह्या तीन गावांमधल्या पट्ट्याला रुबार्बचा त्रिकोण म्हणतात. तेथील शेतकरी दोन वर्षे झाड शेतात वाढवितात आणि त्या काळात त्याचा एक देठही तोडीत नाहीत. मग गड्ड्यांवर पुरेशी थंडी पडू देऊन ते उपटतात आणि अंधाऱ्या, उबदार कोठारांत जमिनीवर एकमेकांना लागून मांडतात. उजेड नाही, वर खत नाही, मुळांना पसरायला शेत नाही. तरीही केवळ साठ्यावर गड्डा लांबलचक, गुलाबी, कोवळे देठ वर काढतो. उजेडाने देठ कडक होतील म्हणून तोडणी मेणबत्तीच्या प्रकाशात करतात. ह्या पिकाला २०१० साली युरोपीय संघाने मूळ स्थानाचे संरक्षित नामाभिधान दिले. ह्या पद्धतीचा उगमही मोठा मजेदार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लंडनच्या चेल्सी औषधी उद्यानात चर खणताना मजुरांनी काढलेली माती रुबार्बच्या गड्ड्यांवर पडली. पुढे ती माती दूर केली, तेव्हा तिच्याखाली नेहमीपेक्षा कोवळे आणि रुचकर देठ आढळले. बागेतल्या खोदकामाने एरवी नुकसानच व्हावयाचे. तेथे एक नवा व्यवसाय जन्माला आला.

परंतु ह्या कोठारांतील कथेचा शेवट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. हंगाम संपला, की ते गड्डे टाकून देतात. साठा खर्च झालेला असतो, आणि पानांकडून त्याची भर झालेली नसते. कुंडीतल्या रुबार्बला हाच न्याय लागू आहे. तेथे ती एक हंगाम सहज काढील; पण त्या हंगामात आपण देठ तोडीत राहिलो, तर पुढे जमिनीत परत न्यावयाला फारसे काही उरणार नाही. कुंडीच्या वर्षात रुबार्ब खावयाची नाही, हा माझ्या मते ह्या साऱ्या प्रकरणातील पहिला आणि सर्वांत कठीण नियम. कठीण एवढ्यासाठी, की कुंडी डोळ्यांसमोर असते, देठ लालचुटुक दिसतात आणि घरातील माणसे विचारू लागतात.

झाड काढावयाचे ते सुप्तावस्थेत, म्हणजे इंग्लंडच्या हवेत नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्या काळात. जमीन गोठलेली किंवा पाण्याने थबथबलेली असताना मात्र काढू नये. कंत्राटदार जूनमध्ये येणार असेल, तर आपण त्याच्या आधीच्या हिवाळ्यात हे काम उरकून घ्यावे. कंत्राटदाराला पुढे ढकलता येणे शक्य असले, तर ते अधिक बरे, पण असा कंत्राटदार माझ्या पाहण्यात नाही. अगदी निरुपायच झाला आणि भर उन्हाळ्यात झाड उपटावे लागले, तर मातीचा शक्य तितका मोठा गोळा मुळांसकट उचलावा, बहुतेक पाने कापून टाकावीत, कुंडी सावलीत ठेवावी आणि पाण्यात हयगय करू नये. झाड वाचण्याचा संभव असतो. खात्री देता येत नाही.

जुन्या गड्ड्याचा व्याप पाहून प्रथम छाती दडपते. मुळे खोल गेलेली असतात, काही तुटणारच. भोवताली वीतभर अंतर सोडून फावडे उभे घालावे, चारी बाजू सैल कराव्या आणि मग गड्डा उचलावा. पाच-सहा वर्षांहून जुना गड्डा तसाच अखंड कुंडीत कोंबण्यात अर्थ नाही. फावड्याच्या धारेने त्याचे भाग करावेत. प्रत्येक भागावर निदान एक सुदृढ डोळा आणि त्याच्याखाली भरपूर मूळ असले पाहिजे. मधला भाग पुष्कळदा पोकळ किंवा लाकडासारखा झालेला असतो, तो टाकून बाहेरचे तुकडे घ्यावेत. डोळ्याजवळ तपकिरी, लिबलिबीत कूज दिसली तर त्या तुकड्याचा मोह धरू नये. हीच वेळ तणाची मुळे वेचण्याचीही असते. इंग्लंडच्या बागांत हरणखुरीच्या जातीची एक वेल गड्ड्यात शिरून बसते. तिचा पांढरा, दोऱ्यासारखा तुकडा कुंडीतून नव्या वाफ्यात गेला, तर बागेच्या पुनर्रचनेवर केलेला खर्च वर्षभरात मातीमोल होतो.

कुंडी किती मोठी असावी? झाड कायमचे कुंडीतच ठेवावयाचे असेल, तर निदान ५० सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल. अशा कुंडीत शंभर लिटरच्या जवळपास माती मावते, आणि ती भिजल्यावर दोन माणसांनाही हलत नाही. म्हणून ती कोठे ठेवावयाची हे भरण्यापूर्वी ठरवावे आणि कामगारांच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठरवावे. एकाच हंगामाचा प्रश्न असेल, तर गड्ड्याच्या एका तुकड्याला चाळीसेक लिटरचे भांडे पुरते. गवंड्याची बादली पुरत नाही. त्यात मुळे दुमडून बसवावी लागतात. भांडे मातीचे, लाकडाचे की प्लॅस्टिकचे, ह्याला तितके महत्त्व नाही. बुडाला भोके असणे ह्याला आहे. ओल राहिली, की गड्डा वरून कुजतो, आणि कुजलेल्या गड्ड्याला औषध नाही. भांडे विटांवर उचलून ठेवावे, खाली ताटली ठेवू नये.

भरावयाला बागेतली चांगली माती आणि पुरते कुजलेले खत ह्यांचे मिश्रण चालते. विकतचे घ्यावयाचे तर मातीचा अंश असलेले, वजनदार मिश्रण घ्यावे. नुसते पालापाचोळ्याचे हलके खत उन्हाळ्यात लवकर सुकते आणि आकसते. गड्डा बसविताना डोळा मातीच्या पृष्ठभागाशी किंवा किंचित वर राहील असे पाहावे. खोल पुरलेला डोळा ही कुंडीतल्या रुबार्बच्या मरणाची सर्वसाधारण कथा आहे. माती बोटांनी घट्ट दाबून एकदा पाणी द्यावे, आणि मग वसंतापर्यंत तिला विसरावे. थंडी लागेल म्हणून घरात, काचगृहात किंवा गोणपाटाखाली घेऊ नये. ती थंडी तिला हवीच असते.

सन २०१७ च्या सप्टेंबरपासून वर्षभर अभ्यासासाठी लीड्स येथे राहण्याचा योग मला आला, तेव्हा हा सर्व व्यवहार जवळून पाहावयास मिळाला. आमच्या घरमालकीणबाईंच्या परसातली सांडपाण्याची नळी बदलावयाची होती, आणि नेमकी तिच्या वाटेत रुबार्ब होती. हे झाड त्यांच्या सासूबाईंनी लावलेले. सासूबाईंचे घर केव्हाच विकले गेले होते. त्यांच्या हातचे म्हणून जिवंत असे एवढेच राहिले होते. नवे रोप दुकानात थोड्या पैशांत मिळते, असे नळीच्या कामावरील मुकादमाने त्यांना सुचविले. बाई त्यावर काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फावडे काढले. नोव्हेंबरात त्यांनी गड्ड्याचे तीन भाग केले. दोन भांड्यांत लावले आणि तिसरा शेजारच्या गृहस्थांना त्यांच्या भाजीच्या वाफ्यासाठी दिला. मला वाटले, हा शेजारधर्म. तो शेजारधर्म होताच; पण शेजाऱ्याच्या जमिनीत एक भाग सुरक्षित राहावा, हा हिशेबही त्यात होता. सारे तुकडे एकाच ठिकाणी ठेवू नयेत ही युक्ती मला तरी पुस्तकांतल्या सूचनांहून मोलाची वाटली.

त्या हिवाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारी अखेर आणि मार्चच्या आरंभी, पूर्वेकडून आलेल्या गोठविणाऱ्या वाऱ्यांनी सारे ब्रिटन बर्फाखाली घातले. दोन्ही भांडी उघड्यावर होती आणि माती दगडासारखी झाली होती. बर्फ वितळल्यावर एका भांड्यातून तांबूस, सुरकुतलेली पालवी वर आली. दुसऱ्यातून काही आले नाही. त्या भांड्याखाली कोणीतरी ताटली सरकवली होती, हिवाळ्याचा पाऊस तिच्यात साचत राहिला होता, आणि डोळा बोटाने दाबताच मऊ लागला. बाईंचा अभिप्राय असा, की थंडीने झाडाचे काही बिघडले नव्हते; पाण्याने बिघडविले.

पुढे उन्हाळा आला तोही असाधारण. २०१८ चा जून आणि जुलै इंग्लंडमध्ये कमालीचे उष्ण आणि कोरडे गेले. जमिनीतल्या रुबार्बची मुळे खोलवर जाऊन ओल शोधतात. भांड्यातल्या मुळांना ती सोय नसते. दुपारी बारा वाजता तिची पाने भिजलेल्या छत्रीसारखी मिटून पडत. सकाळी आणि सायंकाळी पाणी, दुपारच्या वेळी भिंतीची सावली आणि मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर, एवढ्यावर ती तगली. मातीचा थर डोळ्याला टेकू द्यावयाचा नाही, ही दक्षता बाई नेमाने घेत. काळे प्लॅस्टिक उन्हात तापते व कडेची मुळे भाजून निघतात, म्हणून भांड्याला त्यांनी जुने पोते गुंडाळले होते. महिन्यातून एकदोनदा पातळ खत. फुलाचा दांडा वर आला, तो त्यांनी लगेच बुडाशी मोडला. बी धरू दिले तर साठ्याचा मोठा वाटा त्यात जातो. त्या वर्षी एकही देठ स्वयंपाकघरात गेला नाही. माझा मुक्काम सप्टेंबरात संपला, त्यामुळे त्या झाडाची चव मला मिळाली नाही. शेजाऱ्यांच्या जुन्या झाडाची मिळाली.

परत जमिनीत नेण्याचे काम पुढल्या सुप्तावस्थेत करावयाचे. बाईंनी ते २०१८ च्या नोव्हेंबरात केले, असे त्यांच्या पत्रावरून कळले. जागा निवडताना झाड पुढील दहा वर्षे तेथून हलणार नाही असे धरून चालावे. ऊन हवे, थोडी सावली चालते, पाणी तुंबणारी जागा चालत नाही. खोदकामानंतर बागेत खालची निकस माती वर आलेली असते आणि यंत्रांच्या वजनाने ती दडपलेली असते. तेथे घाईने लावण्यापेक्षा आधी खोल खणून भरपूर शेणखत मिसळावे आणि माती काही आठवडे बसू द्यावी. दोन झाडांत निदान ७५ ते ९० सेंटिमीटर अंतर ठेवावे. भांड्यातून गोळा काढल्यावर मुळे गोल फिरलेली आढळतात. ती हलक्या हाताने मोकळी करून पसरावीत. डोळ्याची पातळी पूर्वीसारखीच.

पहिल्या वसंतात येथेही काही तोडू नये, किंवा झाड फारच जोमदार दिसले तर मोजके दोन-चार देठ घ्यावेत. दुसऱ्या वर्षापासून नेहमीची तोडणी: देठ बुडाशी धरून, किंचित पीळ देऊन ओढावयाचा, सुरीने कापावयाचा नाही, कारण राहिलेला खुंट कुजतो. एका वेळी निम्म्याहून अधिक देठ घेऊ नयेत, आणि जून संपला की झाडाला आपल्या मार्गाने जाऊ द्यावे. बाईंनी २०१९ साली एका वेळच्या पक्वान्नापुरते देठ घेतले; २०२० साली शेजाऱ्यांकडे पाठविण्याइतके आले. शेजाऱ्यांकडेही तेच झाड होते हे खरे, तरी ते गेले आणि तिकडूनही आले.

एक बारीकशी सूचना राहिली. जुन्या जागेवर फरशी किंवा हिरवळ करावयाची असेल, तर तेथली माती पुन्हा एकदा चाळून पाहावी. डोळा असलेला गड्ड्याचा तुकडा खाली राहिला, तर तो पुढच्या मार्चमध्ये हिरवळीतून वर येतो. असा तुकडा सापडल्यास तो टाकून न देता एखाद्या भांड्यात लावून ठेवावा. कोणीतरी मागावयास येतेच.